कोपऱ्यातली चंद्रकोर

आमच्या नरेंद्रला सैन्यात जायचं होतं. भरतीला गेला तेव्हा तळपाय सपाट निघाले आणि त्याला घरी पाठवलं. मग सैन्यालाच घरी आणायचं त्याने ठरवलं असावं, कारण लग्न होऊन मी बुवापाड्यात आले तेव्हा शोकेसमध्ये कपबशा कमी आणि बिल्ले जास्त होते. दिवसा तो बदलापूरला एका औषध कंपनीच्या गोदामात कामाला जायचा आणि घरी आला की उल्हासनगरहून जोडून आणलेल्या कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून बसायचा.

ऑर्कुटवर त्याला त्याच्यासारखेच भेटले. त्या मंडळींच्या मते सैन्याचं कुठलंच चिन्ह साधं नसतं. गरुडाची मान डावीकडे का, तलवारीच्या मुठीवर टिंब कशाला, यात म्हणे आतल्या लोकांचे निरोप असतात. एकाने सुतावरून स्वर्ग गाठला की बाकीचे त्याच सुताला धरून वर चढायचे. मी खूप चिडवायची. भाजीत मीठ नाही हे यांना कळत नाही आणि सैन्याची गुपितं कळतात, म्हणायची. नरेंद्र हसायचा. तिथे सगळे त्याला 'सर' म्हणत. गोदामात त्याला कुणी सर म्हणत नव्हतं, म्हणून मीही फार ताणत नसे.

हे २००७ सालचं. आदल्या वर्षी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले होते आणि लोक बेवारस डब्याकडेही दोनदा बघत. अशात नरेंद्रला उल्हासनगर कॅम्पातल्या बाजारात, फूटपाथवरच्या ढिगाऱ्यात, खांद्यावर लावायचा एक कापडी बिल्ला मिळाला. मधे गरुड, खाली दोन तलवारी. आणि अगदी कोपऱ्यात, कडेला लागून, हिरव्या दोऱ्याची तांदळाच्या दाण्याएवढी चंद्रकोर. त्याने सायबरवाल्याकडून स्कॅन करून फोटो मोठा केला आणि ऑर्कुटवर टाकला. खाली एवढंच लिहिलं, 'ही इथे कुणी ठेवली?'

मुंग्या लागाव्यात तशी माणसं लागली. कुणाकडे तसलाच बिल्ला निघाला, त्याच्या कोपऱ्यात दोन टिंबं. आणखी कुणाच्या बिल्ल्यावर फुली. झालं, सैन्यात तीन टोळ्या आहेत आणि त्यातली चंद्रकोरवाली सगळ्यात घातक, असं ठरून गेलं. मग कल्याणच्या कुणीतरी शोधून काढलं की हे बिल्ले कॅम्प चारमधल्या एका भरतकामाच्या कारखान्यात होतात आणि शेवटचा हात फिरवणाऱ्याचं नाव गफूर आहे. नाव वाचून सगळ्यांना उत्तर सापडलं. रविवारी चार वाजता तिथे जाऊन जाब विचारायचा, असं ठरलं.

रविवारी दुपारी जेवताना नरेंद्रने हे सगळं मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. आपण स्वतः जाणार नाही, म्हणाला, पण पोरं तापलेली आहेत. मी ताट तसंच ठेवलं आणि हात धुऊन स्क्रीनपाशी गेले. फोटो नीट बघितला.

आत जाऊन मी त्याच्या उशीचा अभ्रा काढून आणला आणि त्याच्यापुढे धरला. अभ्र्याच्या कोपऱ्यात तीच चंद्रकोर होती. हिच्यावर डोकं ठेवून हा माणूस रोज झोपत होता.

माझ्या सासूबाई, बनूबाई, कॅम्प चारमध्ये भरतकामाला जातात. तिथे शाळांचे मोनोग्राम भरतात. कुणाचा टाका उसवला तर नग कुणाकडे परत द्यायचा ते कळावं, म्हणून प्रत्येक बाई कोपऱ्यात आपली खूण घालते. कुणाची टिंबं, कुणाची फुली. माल बाहेर जाण्याआधी कारखान्याचे मास्तर तो तपासून त्या खुणा ब्लेडने उसवून काढतात. त्या हिवाळ्यात शेठला बिल्ल्यांची ऑर्डर मिळाली होती. यंदा गरुड आलेत, असं आईंनी मुलाला दोनदा सांगितलंही होतं. तो स्क्रीनकडे बघत 'हं' म्हणाला होता.

आई भांडी विसळत होत्या. त्यांना बोलावून मी फोटो दाखवला. त्या लगेच म्हणाल्या, "ही माझीच हाय." मग चेहरा उतरला. "म्हंजी राहूनच गेली की. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. शेठला कळलं तर काढून टाकील म्हणून आम्ही बायकाच त्यांचा माल तपासून देतो. ह्यो नजरंतनं सुटला."

मास्तर म्हणजेच गफूरभाई हे तेव्हा नरेंद्रच्या डोक्यात शिरलं. तो पांढरा पडला. पण तेवढ्यातही त्याने विचारलं, चंद्रकोरच का घातलीस.

"तुझा बाप होता तवर कपाळाला लावायची," आई म्हणाल्या. "कपाळावरची गेली. बोटांत राहिली."

नरेंद्र कॉम्प्युटरकडे वळला. त्याने घाईघाईने टाइप केलं की चूक झाली, ही कामगार बायकांची खूण आहे, कुणी जाऊ नका. उत्तरं पटापट आली. सर, घाबरलात का. सर, कुणी दम दिला. किती मिळाले सर. तो पुन्हा लिहायला लागला आणि लाइट गेली.

चार वाजायला फार वेळ नव्हता. नरेंद्र म्हणाला, आपण गेलो तर पोलीस, कंपनी, सगळीकडे नाव जाईल. नंतर शांतपणे समजावून सांगू. मला त्याची भयंकर चीड आली. आईंनी मात्र पायांत चपला घातल्या होत्या. मास्तरांना दारात कोण उभं आहे तेसुद्धा दिसायचं नाही, एवढं म्हणून त्या निघाल्या. मग आम्हीही त्यांच्यामागून रिक्षात बसलो.

रस्ताभर नरेंद्र मोबाइल नुसता हातात फिरवत होता. त्या मंडळींची खरी नावंच त्याला ठाऊक नव्हती, तर नंबर कुठून असणार. गफूरभाईंना मारलं तर, आईंवर कुणी हात उचलला तर, एवढंच मनात फिरत होतं.

कारखाना म्हणजे जुन्या बराकीतली लांबट खोली. रविवार असल्यामुळे गफूरभाई एकटेच. आम्ही पोचलो तेव्हा आठ-दहा पोरं आत उभी होती, इस्त्रीचे शर्ट घातलेली, दिसायला चांगल्या घरातली. गफूरभाईंना ती गिऱ्हाईकं वाटली होती. "आओ, बैठो ना, अपना माल एकदम सफाईवाला रहता है," असं म्हणत ते बिल्ले टेबलावर पसरत होते. एक पोरगा प्रत्येक बिल्ल्याचा फोटो काढत होता. आम्ही आत शिरताच दुसऱ्याने दाराला आतून पाठ लावली.

आई सरळ मधे जाऊन स्टुलावर बसल्या आणि चंद्रकोर आपली आहे म्हणाल्या. पोरं एकमेकांकडे बघून हसली. दारातल्याने विचारलं, "आजी, हे बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी नरेंद्रकडे बघितलं. तो भिंतीला चिकटून उभा होता आणि वाटलं, हा आता गप्पच राहणार.

"ती माझी आई आहे," नरेंद्र म्हणाला. आवाज चिरका निघाला. "फोटो मी टाकला होता. नरेंद्र सर म्हणजे मीच. माझी चूक झाली. मास्तरांना हात लावायचा नाही."

लग्नानंतर पहिल्यांदाच मला त्याचा अभिमान वाटला, हे सांगायला मी लाजत नाही. पोरं थोडी गोंधळली. मग एकाने आईंना टाका घालून दाखवायला सांगितलं. आईंनी सुई ओवली आणि बोलता बोलता कोपऱ्यात चंद्रकोर उमटवली. पोरांनी वाकून तिचे फोटो काढले, आईंचेही काढले. दारातला बाजूला झाला. त्याचा सूरही बदलला. आजी, कुठून येता, त्याने विचारलं. बुवापाड्यातनं, आई म्हणाल्या, मारुतीच्या देवळामागं दुसरी खोली, कधी आलात तर चहाला या.

पोरं नमस्कार करून गेली. गफूरभाईंना काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गिऱ्हाईक तुटलं म्हणून ते हळहळत राहिले. परतताना नरेंद्र मोकळेपणी हसला, आणि आईंसाठी त्याने वाटेत जिलेबी घेतली.

संध्याकाळी लाइट आली तेव्हा नरेंद्र कॉम्प्युटरपाशी गेला. मी त्याच्या मागेच उभी होते. आईंचा फोटो लागला होता, सुई हातात, नजर खाली. त्याखाली ओळींवर ओळी. म्हातारीला पढवून बसवलं होतं. एवढ्या सफाईने घालते म्हणजे वर्षानुवर्षं घालतेय. मुलगा आपल्यात घुसवलेला होता, आता फुटला. कपाळ बघा, टिकली नाही. सगळ्यात खाली कुणीतरी आमच्या घराचा पत्ता लिहिला होता आणि पुढे म्हटलं होतं, आजीने चहाला बोलावलंय, कोण कोण येतंय. त्याच्या खाली नावं वाढत होती.

आईंनी देवापुढे दिवा लावला आणि बाहेर येऊन, पोरांनी काय लिहिलं, असं विचारलं.

"काम सुबक आहे म्हणतात," नरेंद्र म्हणाला. त्याने स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतला होता.

आईंना बरं वाटलं. मी जाऊन दार लावलं.

"अगं, दिवेलागणीला कुणी दार लावतं का?" आई म्हणाल्या. "लक्ष्मी यायची वेळ."

मी वरचीही कडी लावली.