देवाची मूठ

रामराव पाटलाच्या खळ्यावर गव्हाची उफणणी चालली होती आणि वारा सकाळपासून थट्टा करत होता. पाटी वर उचलली की पडायचा, खाली ठेवली की सुटायचा. असल्या लहरी वाऱ्यात कुणाच्या तरी डोळ्यात कुसळ जाणारच होतं. ते गेलं खुद्द पाटलाच्या.

"बोलवा रे त्या चतुराला! जल्दी!"

ख्रिस्ती वस्ती खळ्याला लागूनच. चतुराबाई तांब्या घेऊन आली. पाणी घरचं, कारण खळ्यावरच्या घागरीला तिनं हात लावून चालत नव्हतं.

"चोळू नका मालक. चोळलं की आत रुततंय."

"चोळू नको तर काय करू? नुसती आग होऊन राह्यली."

"पडा गप. डोकं ठिवा मांडीवर."

एवढा मोठा मिशीवाला पाटील, ख्रिस्ती विधवेच्या मांडीवर लेकरासारखा आडवा झाला. गडी माना फिरवून हसायला लागले. चतुराबाईनं खळखळून चूळ भरली, दोन बोटांनी वरची पापणी उलटी केली आणि जिभेचा शेंडा पापणीच्या आतून, नाकाच्या बाजूनं कानाच्या बाजूला, एकदाच फिरवला. मग तळहातावर थुंकून दाखवलं. नखभर सोनेरी कुसळ.

"एवढंसंच? मला वाटलं बाभळीचा काटा गेला."

"आत असंस्तवर काटाच वाटतंय मालक. भाईर आलं की बारीक होतंय."

ही विद्या तिला सासूनं दिली होती, कुणाकडून काही घ्यायचं नाही या अटीवर. निम्म्या गावात तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, पण जीभ सगळ्यांच्या डोळ्यात चालत होती. याचं तिला कधी हसू यायचं, कधी यायचं नाही. त्या दिवशी आलं होतं. पण पाटील उठून बसता बसता म्हणाला,

"एवढी हुशार तू, मंग त्या कचरूच्या पोरीचं काहून निघालं न्हाई तुला?"

"कोन्या पोरीचं?"

"आता घ्या! चार घरं सोडून ऱ्हाती अन तुला ठावं न्हाई? ती सुवार्ता. माझ्याच वावरात मायसंगं सरव्याच्या पडलेल्या ओंब्या येचायला आल्ती. कुसळ गेलं डोळ्यात. मी तव्हाच म्हणलं तिच्या मायला, चतुराकडं ने. न्हाई का आणली?"

"न्हाई."

"मंग गेला डोळा. परवा जालन्याच्या दवाखान्यातून आल्या मायलेकी. फूल पडलंय म्हणं."

चतुराबाईनं तांब्यातलं उरलेलं पाणी उगीचच मातीत ओतून दिलं आणि पदर सावरून निघाली.

पोरीची आई, कचरूची बायको उषा, तिच्याकडं का आली नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

वस्तीत एक रीत होती. दळणाचं धान्य निवडून झालं की बाईनं त्यातली एक मूठ देवाच्या गाडग्यात टाकायची. रविवारी सगळी गाडगी ख्रिस्ती देवळातल्या कणगीत रिकामी व्हायची. त्यातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना, आजाऱ्यांना द्यायचं. चतुराबाईचा नवरा देवळाच्या मंडळीचा पंच होता, तो वारल्यावर देवळाची किल्ली तिच्याकडंच राहिली. बहात्तरच्या दुष्काळात सगळी वस्ती खडी फोडायला जायची. कचरूही जायचा. उषाचं दुसरं लेकरू तेव्हा तान्हं होतं, अंगावर दूध नव्हतं. एका दुपारी चतुराबाई देवळात झाडायला गेली, तर सकाळी कुलूप लावायचं राहिलेल्या दारातून उषा बाहेर येत होती. पदरात ज्वारी.

चतुराबाईनं ते सांगितलं. ओरडून नाही, भांडून नाही. सरळ मंडळीच्या बैठकीत उभं राहून, पाहिलं तेवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं. मंडळीनं उषाला प्रभुभोजनातून बाजूला केलं. भाकरीची ताटली फिरायची तेव्हा ती दाराशी, चपलांजवळ बसायची. पुढं पुढं तिथंही बसेनाशी झाली. तान्हं लेकरू पावसाळ्याच्या आधीच गेलं. कचरू दर साल नगरकडं ऊस तोडायला जायला लागला, आणि चतुराबाई उषाच्या दारावरून जाताना समोर बघून चालायला लागली.

आज तिला त्या दारात थांबावं लागलं.

उषा सुपात ज्वारी घेऊन निवडत बसली होती. सुवार्ता तिच्या पाठीला टेकून चिंध्यांची बाहुली गुंडाळत होती. पाच-सहा वर्षांचं लेकरू.

"उषा."

उषानं वर बघितलं. उठली नाही. "या मावशे. बसा."

"पोरीचा डोळा बघू दे."

"बघा की. आता बघून काय ते दिसंल तुम्हाला."

चतुराबाईनं पोरीला मांडीवर घेतलं. पोर भ्याली नाही, हीच गोष्ट तिला सहन झाली नाही. बुबुळावर पांढरा ठिपका होता, साबुदाण्याएवढा. सगळं कळत असून तिनं चूळ भरली, पापणी उलटली, जीभ फिरवली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. जिभेला काहीच टोचेना. सगळं गुळगुळीत. खारट पाणी तेवढं लागलं.

"आत काही न्हाई," ती म्हणाली.

"डाक्टर बी तेच म्हणला. आत काही न्हाई. उशीर केला म्हणला."

"माझ्याकडं काहून आणली न्हाई गं? लगेच निघालं असतं. जाताजाता निघालं असतं!"

उषा सुपातले खडे वेचत राहिली. "निघाल्ते मी. पोरीला कडंवर घेऊन तुमच्या दारापोत्तर आल्ते. आत तुम्ही झुंबरबाईसंगं बोलत व्हत्या. तुमचा आवाज आला अन माझं पाऊल पडंना. भ्या वाटलं."

"माझं भ्या? मी काय वाघीण हाये?"

"तुमच्या जिभेचं वाटलं मावशे." उषाच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर चतुराबाईला उत्तर देता आलं असतं. "म्हणलं, आता बोलतील, चोरटीच्या पोरीला देवानं बराबर दाखवलं. तुम्ही म्हणल्या नसत्या बी. पन मला तसं वाटलं. मंग घरीच पाणी मारलं, दूध घातलं."

चतुराबाईला बोलल्यावाचून राहवेना. "तू तव्हा मागितलं असतंस, तर मी का दिलं नसतं? माझ्याकडंच किल्ली व्हती."

उषाचा हात थांबला. "मागितलं व्हतं."

"कव्हा?"

"आदल्या दिशी. तुम्ही विहिरीवर धुणं धूत व्हत्या. मी म्हणलं, मावशे, लेकरासाठी पसाभर द्या. तुम्ही म्हणल्या, बैठकीत ठरंल."

चतुराबाई "न्हाई" म्हणणार होती. तोंड उघडलं होतं. पण विहिरीचा कोरडा काठ आठवला, पिळून ठेवलेलं लुगडं आठवलं, आणि आपला आवाज आठवला. बैठकीत ठरंल. किती सहज म्हणली होती. इतकी सहज, की बैठकीत उभं राहून साक्ष देताना तेवढीच गोष्ट आठवली नव्हती.

तेवढ्यात उषानं सूप पाखडलं, ज्वारी टोपल्यात ओतली, आणि ओतता ओतता एक मूठ काढून कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकली. सैल मूठ होती. बोटांच्या फटीतून दाणे ओघळत होते.

"हे कशाचं गं?"

"देवाची मूठ."

"अजून टाकती तू?"

"मला बाजूला केलं मावशे. देवानं काय केलंय?" उषानं गाडग्यावर फडकं झाकलं. "भरून ऱ्हातंय पडून. कुठं नेऊ? कोन घेतंय? कीड लागली की चिमण्यांना टाकते."

त्या रात्री चतुराबाईनं स्वतःचं दळण निवडलं आणि मूठ भरली. मग तिनं ती मूठ दिव्यापुढं धरून बघितली. आवळलेली. अंगठा आत, बोटं घट्ट. दुष्काळात कधीतरी अशी आवळायला शिकली होती. मूठ तर मूठच, कोण मोजतंय? पाऊस झाला, खळी भरली, मूठ मात्र आवळलेलीच राहिली. उषानं एकदा पदर भरला होता. आपण रोज मुठीतले दाणे वाचवत होतो, अन वर किल्लीही आपल्याच कमरेला.

शनिवारी पाळकसाहेब रविवारच्या उपासनेसाठी बदनापूरहून सायकलीवर आले आणि नेहमीप्रमाणे पंच तातेरावाच्या ओट्यावर चहाला बसले. चतुराबाई तिथं गेली आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. विहिरीचंही, मुठीचंही. झुंबरबाई, म्हणजे तातेरावाची बायको, चहाची बशी हातात धरून ऐकत राहिली. शेवटी तीच आधी हसली.

"अव वयनी, मूठ आवळली म्हणून कोनी चोर होतंय का? मंग माझा तर हातच बारीक हाये!"

तातेरावही हसला. "तुमच्यासारख्या बाईनं असं बोलावं? तुमच्या जिवावर मंडळी हाये. दुष्काळात कोनाची मूठ मोठी व्हती?"

"मंग उषाचंच काहून एवढं मोठं धरलं तुम्ही?"

"ते येगळं. तिनं उचललं."

"मी ठिवून घेतलं. फरक काय ते सांगा."

पाळकसाहेब मऊ माणूस. ते म्हणाले, "चतुराबाई, तुमचं मन कोवळं आहे. देवानं तुम्हाला क्षमा केलीच आहे असं समजा."

"अन तिला?"

"तिचं प्रकरण मंडळीपुढं आहे. तिनं यावं, उभं राहून कबूल करावं. मग बघू."

"ती यायची न्हाई साहेब. मी कबूल करते ना तिच्या वाटचं. मलाच बसवा बाजूला."

"काहीतरीच!" तातेराव म्हणाला. "चहा घ्या, चहा निवून राह्यला."

चतुराबाईला कळेना, आता कुणाच्या पाया पडावं. शिक्षा मागायला गेली होती, तर लोक तिला चहा देत होते. उषानं मागितली होती पसाभर ज्वारी.

रविवारी ती देवळात दोन गाडगी घेऊन गेली. बाया ओळीनं कणगीत आपापलं गाडगं ओतत होत्या. झुंबरबाई सूप धरून बसली होती.

"आज दोन दोन? लईच सुगी झाली वयनी."

"एक माझं हाये. एक उषाचं, सकाळी मागून आणलं."

सूप तिथंच थांबलं. बायांनी एकमेकींकडं बघितलं. झुंबरबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तातेराव पुढं आला, आवाज खाली आणून म्हणाला,

"वयनी, असं एकदम घेता येत न्हाई. बराबर दिसत न्हाई ते. बैठकीत ठरंल."

चतुराबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो वाईट बोलला नव्हता. तिच्याच तोंडून निघावं इतकं सरळ बोलला होता. तिनं स्वतःचं गाडगंही ओतलं नाही. कमरेची किल्ली काढून झुंबरबाईच्या सुपात ठेवली, दोन्ही गाडगी उचलली आणि मागं दाराशी, चपलांजवळ जाऊन बसली. कुणीतरी हळूच म्हणालं, "गुडघे दुखत असतील म्हातारीचे." दुसरी म्हणाली, "न्हाई गं, किती नम्र बघ."

गाणं झालं. पाळकसाहेबांनी सांगितलं, भाकरीला हात लावायच्या आधी ज्यानं त्यानं आपलं आपण तपासावं. सगळ्यांनी डोळे मिटले आणि फार वेळ न लावता उघडले. ताटली ओळीनं फिरत दारापर्यंत आली. तातेरावानं ती तिच्यापुढं धरली.

"घ्या वयनी."

"फुडं न्या. माझं तपासून व्हायचंय अजून."

तो घोटाळला, आणि पुढं कुणीच नव्हतं म्हणून ताटली घेऊन परत गेला.

उन्हं चढल्यावर चतुराबाई उषाच्या घराकडं चालली. भरलेलं गाडगं परत नेताना काय बोलायचं, हे तिला चार घरांच्या वाटेत सुचलं नाही. सुवार्ता ओट्यावर खेळत होती. चतुराबाई अगदी जवळ येऊन उभी राहिली, तरी पोरीनं मान वर केली नाही. मग चतुराबाईच्या ध्यानात आलं. ती वळसा घालून पोरीच्या दिसत्या अंगाला गेली.

"आजी आली!" पोर आत ओरडली.

उषा दारात आली. गाडग्याकडं बघितलं, फडकं तसंच बांधलेलं. चतुराबाईच्या हातातून ते घेतलं, कोपऱ्यात जागेवर ठेवलं. आत निवडणं चाललंच होतं. सुपातली ज्वारी तिनं टोपल्यात ओतली आणि एक मूठ घेतली.

"अगं, भरलंय ते," चतुराबाई म्हणाली.

"आजची ऱ्हायली हाये."

फडकं सोडून तिनं वरून मूठ टाकली. गाडग्यात मावलं नाही. दाणे काठावरून ओघळले, सारवलेल्या जमिनीवर पसरले, काही चुलीपर्यंत गेले. चतुराबाई गुडघे टेकून वेचायला लागली. उषाही बसली. पोर मधे आली, मान वाकडी करून, एका डोळ्यानं, एक एक दाणा शोधून आजीच्या तळहातावर ठेवू लागली. चतुराबाईनं तो हात मिटला नाही.