दोघांची बोट

किर्तीने मिठाईचा पुडा डाव्या हाताने पुष्करकडे परत ढकलला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. उल्हासनगरहून बेलवलीपर्यंत हा माणूस भेटायला आला, आणि तोंड उघडून बोलतोय काय तर,

"शेठचा फोन येईल. त्यांच्या बोटीवर पाय घसरला, एवढंच म्हण."

"पाय घसरला?" किर्तीचा आवाज असा चढला की तिची आई, माया, पिठाच्या हातानेच बाहेर आली. "पन्नास फुटी शिडाची बोट आणि वर आपण दोघंच. म्हणून तर ठरलं होतं ना? ज्याला आधी भीती वाटेल त्याने म्हणायचं, 'शीड कमी कर.' दुसऱ्याने का म्हणून विचारायचं नाही. मी म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस."

"आणि तू हसलास!"

हसलाच होता मेला! मग वारा चढला, ते एवढं मोठं शीड दोघांना आवरेना, आणि शिडाचा आडवा दांडा गर्रकन फिरून तिच्या मनगटावर बसला. आता वर वेंधळी तीच ठरणार. एकदा तसं नाव झालं की पुढे कुठल्या बोटीवर कोण घेतंय तिला?

"अगं, कप्तान म्हणून माझी इज्जत जाईल," पुष्कर म्हणाला.

"आणि माझी काय रस्त्यावर पडलीय?"

पोरीने समुद्रावर जाऊ नये म्हणून मायाने वर्षभर डोकं फोडलं होतं. आता आई 'तरी सांगत होते' म्हणणार, याची किर्ती वाटच बघत होती. पण मायाने पदराला हात पुसले आणि पुष्करलाच विचारलं,

"तुला नव्हती वाटली भीती?"

त्याने चहाचा कप उगाच फिरवला.

"वाटली होती, काकू."

"कधी?"

"ही बोलायच्या आधीच."

किर्ती त्याच्याकडे बघतच राहिली. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे याने नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं!

तेवढ्यात फोन वाजला. किर्तीने तो स्पीकरवर टाकला.

"किर्ती बेटा, हात कसा आहे? हुआ क्या था, जरा नीट सांग," शेठ म्हणाले.

"पुष्कर इथंच बसलाय, शेठ. तो सांगतोय."

तिने फोन त्याच्यासमोर ठेवला. पुष्करने मायाकडे पाहिलं. माया खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"बोल बाळा," ती म्हणाली. "हसू नकोस फक्त."