एकदा म्हणजे हो

"आता आवाज कुठून फाटतोय? खिडकीकडून ना?" तिने विचारलं आणि पलंगाच्या लोखंडी दांड्यावर नजर ठेवून थांबली.

नवऱ्याच्या डाव्या हाताचं बोट उचललं गेलं आणि दांड्यावर एकदा वाजलं. टक्. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

कालपर्यंत दाराजवळचा स्पीकर चिरकत होता. रेकॉर्ड प्लेअरच्या वायरी इकडच्या तिकडे करूनही तो दाराजवळच चिरकत राहिला. आज तिने स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या, तर चिरकणं खिडकीजवळच्या स्पीकरमध्ये गेलं. म्हणजे रेकॉर्ड प्लेअर बरा होता, स्पीकरही दोन्ही बरे होते. दोष मधल्या भट्टीत होता.

भट्टी हे नाव नवऱ्यानेच दिलेलं. तेहतीस वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने बांधलेला तो काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर होता. तासभर चालला की खोली तापायची. तो रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ होता, पण इमारतीतले लोक त्याला इंजिनियर म्हणायचे. आधी चेष्टेने म्हणत, आणि सगळ्यांचे रेडिओ त्याने दुरुस्त करून दिल्यावर खरोखरच म्हणू लागले. ती घरात बसून शर्ट शिवायची. एका टेबलावर तिचं मशीन, दुसऱ्यावर त्याचं डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न. तो काम करताना सतत बोलायचा आणि ती कॉलर उलटवता उलटवता हं हं करायची.

सव्वा वर्षापूर्वी मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेली. राहिलं ते एक बोट. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांच्यापर्यंत किती पोचतं ते सांगणं कठीण आहे." ती म्हणाली होती, "मला उत्तर देतात ते."

त्याचं जेवण भट्टीवर अवलंबून होतं. रेकॉर्ड लावली की चेहरा सैल पडायचा, तोंड उघडायचं, वाटीभर सूप पोटात जायचं. महिनाभरापूर्वी आवाज बिघडायला लागला आणि त्याने मान फिरवायला सुरुवात केली. गेल्या आठवड्यात दिवसाला चार चमचे म्हणजे पुष्कळ झालं. घरी येणाऱ्या सिस्टरने निक्षून सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत खाणं सुधारलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. आज गुरुवार होता.

बाजारातला दुरुस्तीवाला येऊन गेला होता. झाकणही न उघडता म्हणाला, "काकू, हे सोडा. खिशात मावेल एवढा स्पीकर मिळतो आता." मोबाइलवर गाणी लावून तिने तेही करून पाहिलं. नवऱ्याने डोळे मिटून घेतले होते.

म्हणून शेवटी तिनेच झाकण काढलं. घरात जाणकार माणूस होताच. तिला फक्त नीट विचारायचं होतं.

"अहो, व्हॉल्व्ह गेलाय का?"

टक्.

तिचा जीव भांड्यात पडला. भट्टी बंद करून, व्हॉल्व्ह थंड होऊ देऊन तिने डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे बसवले. व्हॉल्व्ह खराब असता, तर दोष त्याच्याबरोबर गेला असता. रेकॉर्ड लावली. आवाज खिडकीकडेच फाटत होता. भट्टीच्या बिघडलेल्या बाजूच्या कोपऱ्यात आता बसवलेला व्हॉल्व्ह, जो मघापर्यंत दुसऱ्या बाजूला छान चालत होता, तो आता लाल व्हायला लागला. तिने घाईने बटण बंद केलं.

"व्हॉल्व्ह नाहीये," ती म्हणाली. "मीच नीट विचारलं नसेल. मग ट्रान्सफॉर्मर?"

टक्.

"की वायर सुटलीय कुठेतरी?"

टक्.

"की काहीच झालेलं नाही?"

टक्.

ती पलंगाच्या कडेवर बसली. हातातला स्क्रू ड्रायव्हर तिने मांडीवर ठेवला. विचारू नये असं वाटत होतं, तरी तोंडातून शब्द गेलेच.

"मी तुमची बायको ना?"

टक्.

"मी तुमची बहीण?"

टक्.

"आपल्याला मुलगा आहे?" त्यांना एकच मुलगी होती, परगावी असायची.

टक्. तो तिच्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होता. चेहरा शांत होता.

सुरुवातीला असं नव्हतं. अळणी सूप पुढे केलं की दोनदा बोट वाजायचं, चांगलं रागाने. दोनदा शेवटचं कधी वाजलं, ते तिला आठवेना. तिने प्रश्नच असे विचारले होते की हो आलं की काम भागावं. खिडकी उघडी ठेवू ना? व्यायामाच्या माणसाला नको म्हणून सांगू ना? मी तुम्हाला दुसरीकडे कुठे पाठवणार नाही, माहितीय ना? सगळ्याला हो आलं होतं आणि त्या होच्या आधारावर तिने सव्वा वर्ष घर चालवलं होतं. मुलीशी भांडली होती. "बाबांना काही कळत नाही गं आई," असं मुलगी म्हणाली, तेव्हा तिने फोन ठेवून दिला होता.

रडायला हवं होतं, पण रडू आलं नाही. लालबुंद झालेला तो व्हॉल्व्ह डोळ्यांपुढून हलेना. त्यावर त्याचं जुनं बोलणं आठवलं. शेजारच्यांचा सेट समोर घेऊन, ती काज करत असताना म्हणालेला, "व्हॉल्व्ह बदलूनही तोच कोपरा लाल होतो ना, तर बिचाऱ्या व्हॉल्व्हला दोष देऊ नये. मागचा कंडेन्सर गळतोय. नळ गळतो तसा. आणि बटण बंद केलं म्हणून लगेच हात घालायचा नाही हं, आत वीज साठलेली असते."

तिने तो करायचा तशीच साठलेली वीज आधी उतरवली. मग भट्टी पालथी केली. त्या कोपऱ्यात एक तपकिरी कंडेन्सर फुगला होता, त्याचं मेण ओघळून खाली थिजलं होतं. नवऱ्याच्या सुट्या भागांच्या डब्यांवर त्याच्याच बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. तसलाच दुसरा सापडला. चष्मा कपाळावर सरकवून, श्वास रोखून तिने जुना सोडवला आणि नवा जोडला. सुईत दोरा ओवणारे हात होते, डाग बरा बसला.

उजेड सरता सरता तिने रेकॉर्ड लावली. दोन्हीकडून भरलेला, गोल आवाज आला. कुठे चिरकणं नाही, घरघर नाही. ती खोलीच्या मधोमध उभी राहून ऐकत राहिली. तेहतीस वर्षांत हा आवाज तिने कधी एकटीने ऐकला नव्हता.

तिने सूप कोमट करून आणलं. पहिला चमचा ओठांशी नेला. नवऱ्याने मान फिरवली. दुसऱ्यालाही फिरवली. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत ती चमचा पुढे करत राहिली.

रात्री मुलीचा फोन आला. "झाली का गं भट्टी दुरुस्त?"

"झाली."

"कोणी केली?"

"त्यांनीच सांगितलं काय झालंय ते," ती म्हणाली. "मी नुसता हात लावला."

सकाळी सिस्टर नळीचं पाकीट घेऊनच आली. तिने नाडी बघितली, ओठ बघितले, मग वाकून मोठ्याने विचारलं, "काका, नळी घालायची का? थोडा त्रास होईल, चालेल ना?"

टक्.

सिस्टर खूश झाली. "बघा काकू, हो म्हणाले. किती समजूतदार आहेत."

"त्यांना नका विचारू," ती म्हणाली. "मला विचारा."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाली, "बरं. काकू, घालू का नळी?"

तिने नवऱ्याच्या कपाळावरचे केस मागे सारले, उशी सरळ केली. सव्वा वर्षात असा प्रश्न एकटीच्या अंगावर कधी आला नव्हता.

"घाला," ती म्हणाली.

"मग डोकं घट्ट धरा."

तिने एका हाताने त्याचं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं. सिस्टर पाकीट फोडत होती. दांड्यावर बोट वाजलं, एकदा. कोणी काही विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं. तिने दुसरा हात खाली नेला आणि बोट आणि दांडा यांच्या मधे आपला तळवा ठेवला.