जाळीवरची निळी गाठ

टीव्हीवर तो फोटो पुन्हा आला तेव्हा धम्मपाल उठला आणि वडिलांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"सरक ना बापू," खुशाल म्हणाले. "माहा फोटो येऊन राह्यला अन् तू आडवा."

"पंखा लागत नाही तिकडं, बाबा."

"एसी हाय ना इथं. पंखा कायले पायजे तुले?"

धम्मपाल बाजूला झाला. शोरूमच्या प्रतीक्षागृहात ग्राहकांची छायाचित्रे पडद्यावरून एकामागून एक सरकत होती. चावी स्वीकारणारे जोडपे, नारळ फोडणारा डॉक्टर आणि मग ती पांढरी गाडी. तिच्या तोंडावर, दोन्ही दिव्यांच्या मधली सगळी जागा व्यापून, बाबासाहेबांची मोठी तसबीर बांधलेली होती. तसबिरीभोवती निळे कापड घट्ट आवळलेले होते. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातले खुशाल चौकटीवर हात ठेवून उभे होते. खाली तेलुगू आणि हिंदीतून जयंतीच्या शुभेच्छा होत्या. हा फोटो धम्मपालनेच चौदा एप्रिलच्या सकाळी पाठवला होता. शोरूममधल्या मुलीने तो आग्रहाने मागितला होता.

त्याच दिवशी जयंतीच्या मिरवणुकीत, भर चौकात, गाडी बंद पडली होती. सगळी वाट पहिल्या गिअरमध्ये कापलेली, ऊन भाजून काढणारे, आत आई चंपाबाई आणि वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या बसलेल्या, म्हणून एसी चालू. स्टिअरिंगसमोर बायकांनी इतकी फुले वाहिली होती की मीटरवरचा लाल दिवा केव्हा लागला ते कोणालाच दिसले नाही. पोरांनी जयघोष करत गाडी पुतळ्यापर्यंत ढकलत नेली. खुशाल झेंडा घेऊन पुढे चालत होते, त्यांना ढकलणेही मिरवणुकीचाच भाग वाटले.

आता इंजिन उतरवले होते. दुरुस्तीचा जो आकडा शोरूमने सांगितला, तो धम्मपालच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा होता. तेलुगू मुलखातल्या इंद्रवेल्लीजवळच्या मराठी शाळेत तो शिक्षक होता आणि गाडीचा हप्ता त्याच पगारातून जात होता. गाडी वॉरंटीत होती, तेवढ्याच भरवशावर तो महिनाभर फेऱ्या मारत होता. पण काल सर्व्हिसच्या कामावरच्या नागनाथचा फोन आला होता.

"गुरुजी, तो जयंतीचा फोटो मॅनेजर सायबानं पाह्यला. समोरची जाळी झाकेल होती, हवा लागली नाही, म्हणून इंजन तापलं म्हणते. वॉरंटीत बसत नाही म्हणून राह्यले."

धम्मपालला रात्री झोप लागली नाही, आणि त्याचे कारण केवळ पैसा नव्हते. कंपनीचा माल कच्चा निघाला, असे त्याने वडिलांना सांगितले होते. ती तसबीर वडिलांनी स्वतः, कोणाला हात लावू न देता बांधली होती. वस्तीतली ती पहिली गाडी. हे नुकसान आपल्या हातून झाले, हे त्यांना कळू द्यायचे नाही, असा त्याचा निश्चय होता. म्हणूनच आज तो एकटा येणार होता. पण खुशाल सकाळीच धुतलेले धोतर नेसून अंगणात उभे राहिले होते. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती, गाडी घेऊनच परत येऊ म्हणाले. प्रतिभाने नवऱ्याकडे पाहिले आणि दोघांचा डबा बांधला.

काचेचा दरवाजा उघडून नागनाथ आला. "चला गुरुजी, बोलावलं."

"बाबा, तुमी इथंच बसा. थंड हाय."

"काऊन? गाडीत मी नाही बसत का?" खुशाल गुडघ्यावर हात टेकून उठले.

मॅनेजर सभ्य माणूस होता. त्याने म्हाताऱ्याला आधी खुर्ची दिली, पाणी मागवले. धम्मपालने घाईघाईने तेलुगूत बोलायला सुरुवात केली. बाजारहाटाच्या निमित्ताने खुशालना हिंदी चांगली समजत असे, तेलुगू मात्र जेमतेम. मार्चच्या सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन थंड ठेवणारे कूलंट कमी होत असल्याचे आपण सांगितले होते, ते फक्त भरून दिले गेले, गळती कोणी शोधली नाही, हे सगळे त्याने एका दमात मांडले.

मॅनेजरने ऐकून घेतले आणि म्हाताऱ्याचा मान राखण्यासाठी उत्तर हिंदीत दिले.

"नागनाथ, सर ने बोला था क्या मार्च में?"

नागनाथ फरशीकडे पाहत राहिला. जैनथकडच्या या तरुणाला इथे नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. "याद नहीं सर," तो म्हणाला.

"देखो सर, आप टीचर हैं, आप समझते हैं." मॅनेजरने संगणकाचा पडदा वळवला. पडद्यावर तोच फोटो होता. धम्मपालने घाईने तेलुगूत काही म्हणायला तोंड उघडले, पण मॅनेजरचे बोट आधीच तसबिरीच्या कडेवरून फिरत होते. "पूरी जाली बंद है. हवा इधर से जाती है. इतनी धूप में, इतनी धीमी गाडी. हवा ही नहीं गई तो इंजन जलेगा नहीं तो क्या होगा?"

खुशाल पडद्याकडे पाहत होते. बाहेर ज्या फोटोकडे त्यांनी पाहिले होते तोच हा, पण आता ते स्वतःकडे पाहत नव्हते, आपल्या हाताखालच्या निळ्या कापडाकडे पाहत होते.

"धम्मा," ते हळूच म्हणाले, "माह्यानं झालं का हे?"

"नाही बाबा. पयलेच त्याच्यात खराबी होती."

"मले सांगितलं नाही तू."

धम्मपाल मॅनेजरकडे वळला. कालपासून जे टाळू पाहत होता ते घडून गेले होते, आणि त्या धक्क्यातच त्याचा आवाज चढला. तो हिंदीत बोलू लागला. "सर, ये फोटो आपने ही मांगा था. आपके ही टीवी पर है, अभी भी बाहर लगा है. नीचे बधाई भी आपने लिखी. उस दिन आपमें से एक ने भी फोन करके नहीं बोला, कि जाली मत ढको. तब ये फोटो अच्छा था ना?"

मॅनेजरने पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. "वो मार्केटिंग वालों का काम है सर," असे त्याने म्हटले, पण नजर चुकवून म्हटले. मग खुर्ची पुढे ओढून त्याने आवाज खाली आणला. "मैं आपका नुकसान नहीं चाहता. एक रास्ता है. आप अर्जी लिख दो. घर के बुजुर्ग अनपढ हैं, उन्होंने गलती से बांध दिया. ऐसे केस में कंपनी आधा खर्चा देती है. मैं खुद सिफारिश करूंगा."

त्याने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवले.

अर्धा खर्च. धम्मपालने मनातल्या मनात हिशेब केला आणि केल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटली. तिसरीत असताना त्याने याच वडिलांना कंदिलापाशी बसवून सही शिकवली होती. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेला तो माणूस पाटीवर 'खु' काढताना घामाघूम होत असे. त्यांच्याच समोर बसून आता तो शब्द लिहायचा होता. त्याने पेन उचलले आणि कागदावर आडवे ठेवले.

"लिव ना," खुशाल म्हणाले.

"बाबा..."

"समजलं मले. अनपढ लिव म्हनते. लिव. खरंच हाय ते, त्याले काय लपवाचं?" त्यांनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला. "पण चुकीनं बांधला, असं नको लिऊ."

"मंजे?"

"चुकीनं नाही बांधला मी. समजून बांधला." ते मॅनेजरकडे न पाहता मुलाशीच बोलत होते. "तू लहान होता. जयंतीले मालकाची बैलबंडी मागाले गेलो होतो मी. सालगडी होतो मी त्याच्याकडं. दिली त्यानं बंडी, नाही म्हनलं नाही. पण म्हने, फोटो मांगं ठिवा, शेनाच्या टोपल्यापाशी. समोर नको, बैल बुजतीन. आमी ठिवला मांगं. काय करतो? तवा मनात धरलं होतं, आपल्या घरची गाडी आली का बाबासाहेब समोर राहतीन. सगळ्यात समोर." ते थांबले. "गाडीले हवा लागते, हे नव्हतं मालूम. ते लिव. पण फोटोची चूक नको लिऊ."

"क्या बोल रहे हैं?" मॅनेजरने विचारले.

धम्मपालने तेलुगूत सांगितले. ती भाषा त्याला शाळेच्या कामापुरती सफाईने येत असे, पण बंडी, शेणाची टोपली आणि बुजणारे बैल सांगताना तो अडखळला. मॅनेजरने मध्येच तोडले नाही. ऐकून झाल्यावर त्याने टेबलावरची किल्ली उगाच इकडची तिकडे ठेवली.

"मैं समझता हूं. लेकिन 'गलती' नहीं लिखेंगे तो ऊपर पास नहीं होगा सर. सच बोल रहा हूं."

धम्मपालने वडिलांकडे पाहिले. त्यांचा चेहरा शांत होता, हात मात्र धोतराच्या सोग्याशी चाळा करत होते. घाबरले होते ते. मुलाचे किती नुकसान होत आहे याची त्यांना पुरती जाणीव होती, आणि तरीही ते बोललेले मागे घेत नव्हते.

त्याने लिहिले: तसबीर माझ्या वडिलांनी बांधली. बाबासाहेब समोर असावेत म्हणून, समजून बांधली. जाळी झाकल्याने इंजिन तापते, हे आम्हांला ठाऊक नव्हते व कोणी सांगितले नाही. कूलंट कमी होत असल्याची तक्रार मी मार्चमध्येच केली होती. अनपढ हा शब्द त्याने लिहिला नाही. खाली सही केली आणि कागद वडिलांपुढे ठेवला. खुशालनी पेन मुठीत धरल्यासारखे धरले आणि आपले नाव सावकाश, एकही अक्षर न गाळता लिहिले.

"भेज देता हूं," मॅनेजर म्हणाला. "उम्मीद मत रखना, सर."

गाडीतले सामान काढून घ्यायला नागनाथ त्यांना मागच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. उघड्या बोनेटखाली इंजिनाच्या जागी काळी पोकळी होती. मागच्या सीटवर चंपाबाईंचा हातपंखा राहिला होता, वाळलेली फुले पायाशी विखुरलेली होती. धम्मपाल सामान गोळा करू लागला. प्रतिभाचा फोन आला, त्याने तो वाजू दिला.

तसबीर जयंतीच्याच संध्याकाळी कापड कापून सोडवली होती. जाळीच्या एका कोपऱ्यात मात्र निळ्या कापडाचा तुकडा गाठीसकट अडकून राहिला होता, ग्रीस लागून काळवंडलेला. तो नागनाथच्या लक्षात आला. त्याने खिशातले ब्लेड काढले.

"थांब," खुशाल म्हणाले. "कापू नको. सोडतो मी."

"बसची येळ झाली, बाबा," धम्मपाल म्हणाला.

"जाऊ दे. मांगून येते दुसरी."

ते गाडीसमोर उकिडवे बसले. गाठ त्यांनीच मारलेली होती, वाटेत सुटू नये म्हणून दुहेरी. महिनाभरात ती उन्हाने आवळून दगडासारखी झाली होती. ते नखाने एकेक धागा सैल करू लागले. नागनाथने ब्लेड खिशात टाकले आणि त्यांच्याशेजारी बसून त्याने जाळी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली.