मिरर उद्या अकराला बंद होईल

प्राचार्यांनी वायरमनला माझ्या खोलीत पाठवलं तेव्हा अकरा वाजले होते आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

"मॅडम, हा डबा बंद करायचाय. इथे एसी बसणार आहे," तो म्हणाला.

डबा म्हणे! त्या डब्यातून त्या क्षणी तीनशे बारा लोक फायली उतरवून घेत होते.

मी या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. उरलेल्या वेळात एक बिनपगारी उद्योग करते. पडद्यावरचा मजकूर अंध माणसांना मोठ्याने वाचून दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते कुठल्या कंपनीचं नाही, आमच्यासारख्या हौशी लोकांचं. त्याच्या फायली एकोणीस सर्व्हरवर जशाच्या तशा ठेवलेल्या असतात. त्यांना आम्ही मिरर म्हणतो. एक मिरर दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, एक निवृत्त पोस्टमास्तरांच्या माळ्यावर आणि सगळ्यात मोठा माझ्या खोलीत, आधीच्या प्राचार्यांच्या लेखी परवानगीने. कुणाला कुठल्या मिररकडे पाठवायचं ती पत्त्यांची यादी, म्हणजे डीएनएस, माझ्या हातात.

आमचा नियम एकच. आधी यादीतून नाव काढायचं, मग जगभरच्या संगणकांना जुना पत्ता विसरायला वेळ द्यायचा आणि त्यानंतरच मशीन बंद करायचं. किती वेळ, ते मीच यादीत लिहिते. एरवी एक दिवस. नवी आवृत्ती येणार असली की आदल्या दिवशी त्याची पाच मिनिटं करून ठेवते, म्हणजे एखादा मिरर अडला तर लगेच काढता येतो. या वेळी विसरले. साफ विसरले. सकाळी नवी आवृत्ती निघाली आणि यादीत एक दिवस तसाच राहिला; ज्यांनी इथला पत्ता घेतलाय, ते आता दिवसभर इथेच येणार.

ही आवृत्ती होती आमच्याच शहाण्यांनी घातलेला घोळ निस्तरायला. अपडेट होताना जुनं सॉफ्टवेअर आधी आपला जुना आवाज पुसून टाकायचं आणि मग नवा उतरवून घ्यायचं. मधेच मिरर गेला की संगणक मुका! गेल्या वर्षी दातवाल्या डॉक्टरांनी सरळ प्लग काढला आणि त्यात माझी थोरली बहीण सापडली. ती जन्मापासून अंध, भाषांतरं करते. चार दिवस ती त्या ठोंब्यासमोर बसून होती. "मदतीसाठी कुणाला मेल लिहायची, तर तीसुद्धा हाच वाचून दाखवणार ना गं!" असं म्हणून ती हसली होती. मला मात्र रडू आलं होतं. नवी आवृत्ती एकदा बसली की हा धोका कायमचा टळणार होता, पण ती बसेपर्यंत तो होताच.

मी लगेच यादीतून नाव काढलं आणि वायरमनला म्हटलं, "उद्या अकराला या."

"साहेब माझी खरडपट्टी काढतील."

"मग त्यांनाच पाठवा."

प्राचार्य आले. तोवर मी स्टूल ओढून प्लगला पाठ लावून बसले होते.

"पाच मिनिटांचं काम आहे, बाई."

"आहे ना. उद्या करते."

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नेमकं एकच ऐकलं. "म्हणजे चूक तुमचीच!"

"माझीच. म्हणून तर बसलेय. माझ्या चुकीपायी लोकांचे संगणक का मुके व्हावेत?"

"हे कॉलेजचं काम नाही. जुनी परवानगी मी रद्द करतोय. मशीन बंद करा, नाहीतर राजीनामा द्या."

त्यांना वाटलं, बाई आता विरघळणार. सतरा वर्षांची नोकरी. पण मी कागद ओढला आणि लिहिलं: उद्या सकाळी अकरापासून राजीनामा.

"तोपर्यंत ही खोली माझ्या ताब्यात आहे. मशीनला हात लावायचा तर तसं लेखी द्या. त्याने कुणाचं काय बिघडेल, ते मी खाली लिहून सही करते."

लेखी द्यायला साहेब तयार नव्हते. राजीनामा तेवढा उचलून ते निघून गेले.

संध्याकाळी खोलीला कुलूप लावून किल्ली घरी नेली. बहिणीचा फोन आला, तिला सगळं सांगितलं.

"नोकरी सोडलीस? वेडी की खुळी?"

"दोन्ही."

मग ती म्हणाली, "मी अपडेट घ्यायचं थांबले होते. आता घेऊ?"

"घे. बिनधास्त घे."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मशीनवर चाळीस लोक उरले होते. पावणेअकराला सहा. अकराला एक. कुठल्यातरी रडतखडत चालणाऱ्या लाइनवर कुणीतरी साठ टक्क्यांपर्यंत पोचलं होतं. आवाज पुसून झालेला, नवा अजून वाटेत.

दारात प्राचार्य, मागे वायरमन.

"वेळ झाली, बाई." त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

"झाली ना? म्हणजे आता मी तुमची नोकर नाही. मला हुकूम द्यायचा नाही."

मी स्टूल आणखी मागे सरकवलं आणि प्लगला पाठ टेकून बसले. प्राचार्यांनी वायरमनकडे पाहिलं. त्याने हातातली पक्कड पिशवीत टाकली, वाकून पडद्याकडे नजर लावली आणि मोठ्याने वाचलं, "एकसष्ट टक्के."