आगगाडी असती तर

"आगगाडीवर बंदूक झाडली असती ना सहदेव, तर पोरगा जन्मभरासाठी आत गेला असता," अंधेरी कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकील श्यामकांत प्रधान म्हणाले. "इंग्रजांनी आगगाडीसाठी कडक कायदा करून ठेवलाय. बसचं कुणाला सुचलंच नाही."

"पण साहेब, गोरेगावला आगगाडीतून उतरलेली माणसंच माझ्या बसमध्ये चढतात ना?"

प्रधानांनी फाइल काखेत मारली आणि ते सुनावणीला निघाले.

सहदेव घाडीचं अर्धं आयुष्य आरे कॉलनीच्या रस्त्यावर बस चालवण्यात गेलं होतं. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी एका बिल्डरचा मुलगा मित्रांना घेऊन तिथे पोपट मारायला आला. पोपट काही मिळेनात, तेव्हा समोरून येणाऱ्या बसवर नेम लागतो का, याची पैज लागली. छर्रा ड्रायव्हरच्या खिडकीतून आला तो थेट सहदेवच्या उजव्या डोळ्यात. पुढे उतार, आणि बस बायकापोरांनी गच्च भरलेली. शर्ट रक्ताने भिजला, तरी त्याने स्टेअरिंग सोडलं नाही. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच मान टाकली.

डोळा गेला. आता तो डेपोत बस धुवायचा.

आत सुनावणीला मुलाच्या वकिलाने त्याचंच तोंड भरून कौतुक केलं. "या कुशल चालकामुळे एकाही प्रवाशाला साधं खरचटलं नाही. मग प्रवाशांच्या जिवावर बेतलं होतं, असं कसं म्हणायचं?"

मॅजिस्ट्रेटना ते पटलं. सगळा प्रकार पोराच्या निष्काळजीपणावर निभावला. दंड भरून तो सुटला. जाता जाता त्याचा बाप सहदेवच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "गाडी झकास थांबवलीस हां!"

बसस्टॉपवर आल्यावर बायकोचा, रत्नप्रभेचा, बांध फुटला. "तेव्हाच सोडून द्यायचंत ते स्टेअरिंग! गेली असती बस खड्ड्यात, मग बसला असता तो तुरुंगात."

"मागे माणसं होती गो."

"ती माणसं आज खंय होती? एक तरी साक्षीक इलो?"

 सहदेव रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. उजव्या बाजूने बस आली. रत्नप्रभेने हात केला, तेव्हा कुठे त्याला कळलं.