कूस

फिपेने नवऱ्याचा निर्जीव गुडघा दुमडला, त्याच्या काखेत हात घातला आणि "हं, आता" म्हणत त्याला आपल्या अंगावर ओढून घेतलं. रोज सकाळी ती अशीच फिलिमोनेची कूस बदलायची. त्याचं डोकं क्षणभर तिच्या छातीशी टेकायचं आणि मग पलीकडच्या उशीवर जायचं. आज ते टेकलं तेव्हा त्याच्या गालाला काहीतरी टणक लागलं. मऊ मातीत दडलेला खडा लागावा तसं.

"हे काय?"

"काय काय?"

"छातीत. डावीकडे."

"काही नाही. थांब, चादर ओढते."

"फिपे."

तिचा हात थांबला नाही. चादर ताठ बसली तरी ती ओढतच राहिली.

"नर्सला दाखवलंय," ती म्हणाली. "राजधानीच्या इस्पितळात जा म्हणते. पहिल्या जहाजाने जा म्हणाली."

"कधी म्हणाली?"

"झाले की दिवस."

"मधे जहाज येऊन गेलं."

"आलं न् गेलं. जहाजाचं दुसरं काम काय?" ती हसली, पण त्याच्याकडे न बघता. "मी कुठे जात नाही. मी गेले तर तुला कोण बघणार? माझं देवाच्या मनात असेल तसं होईल. त्याच्यावर सोडलंय मी."

त्या वेळी फिलिमोनेच्या मनात पहिल्यांदा जे आलं, ते त्याने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. हिला काही झालं तर मला उचलणार कोण, हे आधी आलं. हिचं काय होणार, हे मागून आलं. मधे फार वेळ गेला नाही, पण क्रम तोच होता.

तो या बेटावरचा नावाजलेला पाणबुड्या. समुद्रकाकड्या, म्हणजे परदेशात विकले जाणारे तळावरचे मऊ प्राणी, वेचायच्या हंगामात होडीवरच्या पंपाची नळी तोंडात धरून तो इतरांपेक्षा खोल जायचा आणि इतरांपेक्षा जास्त वेळ राहायचा. त्या दिवशी फारच राहिला, आणि वर आला तो घाईने आला, जे खोलवरून कधी करायचं नसतं. होडीत बसून त्याने उकडलेला तारोचा कंद खाल्ला, दोन चेष्टा केल्या आणि उभा राहायला गेला तर पाय नव्हते. छातीपासून खालचं सगळं तेव्हापासून गेलं होतं. डाव्या हातातही नावालाच जीव होता. नंतर माणसं येऊन खाटेभोवती बसली. पाळकसाहेब आले, चुलते आले, माल घेणारा व्यापारीही येऊन गेला. देवाची इच्छा, सगळे म्हणाले. फिलिमोने ऐकून घ्यायचा. पडलेल्या माणसाला काहीही ऐकवता येतं. तो उठून जात नाही.

त्याला खोलीतून समुद्र दिसत नसे, फक्त ऐकू येई. खिडकीत नीरफणसाचं खोड होतं. वर पत्रा, पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं.

"फिपे कुठे जायची नाही," बाहेरून आवाज आला.

ही लेसिएली, त्याची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून ती शेजारच्या घरात एकटी राहायची आणि दिवसभर याच्या ओसरीवर केवड्याच्या पानांच्या चटया विणत बसायची. गावातल्या बायकांची प्रार्थना तीच चालवायची. तो खाटेला खिळल्यापासूनच्या दीड-दोन वर्षांत तिने भावाच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मुलाला मिसरूड फुटलं की तो बहिणीच्या छपराखाली झोपत नाही, तिच्यासमोर अंग उघडं टाकत नाही, चावट बोलत नाही. बहीणही त्याच्या अंथरुणाकडे फिरकत नाही. या बेटांवर बहिणीचा मान बापापेक्षा मोठा, आणि तो मान असाच राखायचा. म्हणून लेसिएली भिंतीशी बोलायची आणि भिंत फिलिमोनेशी.

"ताई, तू ऐकत होतीस?"

"झापाची भिंत आहे बाबा, दगडाची नाही. आम्ही उपास धरणार आहोत तिच्यासाठी. सगळ्या बायका. देवाने तिला तुझ्यापाशी ठेवलंय, ती जागा सोडून धावाधाव करायची नाही. त्याला बरं करायचं असेल तर त्याला इस्पितळ लागत नाही."

फिपे मान खाली घालून पाण्याची बादली घेऊन बाहेर गेली. त्या दोघींचं या बाबतीत एकमत होतं, हे फिलिमोनेला कळलं. खोलीतली हवा आणखी थोडी कमी झाली.

पुढचे काही दिवस तो तिच्या हातांकडे बघत राहिला. ती डाव्या हाताने भांडं उचलताना श्वास धरते. कपडे वाळत घालताना एका बाजूनेच वाकते. हे सगळं आधीपासून चाललं असणार. तो पत्र्याची भोकं मोजत पडला होता आणि दिसलं नव्हतं. रोज संध्याकाळी ती खाटेशी बसून मोठ्याने प्रार्थना करायची, त्याच्यासाठी सगळं मागायची, झोप, भूक, पाठीला जखम न होणं, ऑकलंडला असलेल्या दोन्ही मुलांची खुशाली. स्वतःसाठी एक शब्द नाही.

एका संध्याकाळी तिचं "आमेन" झालं तरी त्याने तिचा हात सोडला नाही.

"तुझ्या गाठीचं कोण बघणार म्हणालीस?"

"देव."

"आणि माझं?"

"तुझं मी बघतेय ना."

"का? तुझ्या गाठीचं बघायला त्याला सवड आहे, आणि माझी कूस बदलायची म्हटली की नाही?"

"काहीतरी बोलू नकोस."

"काहीतरी कसं? स्वतःचा जीव त्याच्या हवाली केलास एका शब्दात. मला द्यायची वेळ आली की तुझा त्याच्यावर भरवसा नाही. मी काय एवढा जड आहे?"

फिपे उठून उभी राहिली. "माझी परीक्षा घेऊ नकोस, फिलिमोने. तू इथे कुजशील. दोन दिवसांत पाठ सडेल तुझी. आणि मी तिथे पांढऱ्या चादरीत पडून स्तोत्रं म्हणू?"

"म्हण."

"तुला भीती नाही वाटत?"

त्याने खोटं बोलायचं ठरवलं होतं. "वाटते," तो म्हणाला. "फार वाटते. म्हणून तर तू आत्ता जा. मला उद्या एवढा धीर नसेल."

ती खाली बसली आणि खाटेच्या कडेला कपाळ लावून रडली. त्याचा चांगला हात तिच्या केसांपर्यंत पोचत होता.

त्याचा चुलतभाऊ माका रोज दोनदा येईन म्हणाला, तेव्हा कुठे ती तयार झाली. माकाला तिने सगळं शिकवलं. आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा. टाचेखाली कपडा. लघवीची नळी मुरगळू द्यायची नाही. माका मान हलवत होता आणि मधेमधे, "वहिनी, डुकरं सांभाळतो मी, हा तर माणूस आहे," असं म्हणत होता. लेसिएली ओसरीवर विणत होती. तिच्या हातातली पानं नेहमीपेक्षा जोराने फाटत होती.

"देवाला असं कोपऱ्यात गाठायचं नसतं," एवढंच ती म्हणाली.

जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा फिपे धक्क्यावर होती आणि तो पत्र्याखाली. भोंगा विरल्यावर इंजिनाचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो लहान होत गेला, मग तो आहे की नाही ते कळेना, आणि मग नुसत्या लाटा राहिल्या.

माका आला. दोनदा आला, पुढचा आठवडाभरही आला. मग शेजारच्या बेटावरचे सरदार वारल्याचा निरोप आला आणि गावातले झाडून सगळे पुरुष डुकरं, सुरण, चटया होड्यांत घालून मयताला गेले. संध्याकाळी परततो, माका खिडकीतून ओरडून गेला. दुपारीच वारा फिरला. प्रवाळाच्या कड्यातली होड्यांची वाट पांढऱ्या फेसाने बंद झाली. मागे राहिले ते म्हातारे पाळकसाहेब आणि बायका. आणि गावातली प्रत्येक बाई, नर्ससुद्धा, कुठल्या ना कुठल्या नात्याने फिलिमोनेची बहीणच होती.

पाळकसाहेब काठी टेकत आले. त्यांनी खांद्याखाली हात घालून पाहिला, त्यांचीच कंबर धरली. मग त्यांनी प्रार्थना केली आणि घाम पुसत गेले.

दुसऱ्या सकाळी फिलिमोने आदल्या दिवशीच्याच कुशीवर होता. नळी मुरगळून खालची चादर ओली होऊन गार पडली होती. पाठ दुखत नव्हती, आणि तीच भीतीची गोष्ट होती. जिथे जखम होणार तिथलं त्याला काहीच कळत नसे. फक्त वास यायचा. उन्हाचा एक पट्टा भिंतीवरून उतरून उशीवर आला, मग डोळ्यांवर. त्याला मान वळवता आली, ऊन हलवता आलं नाही.

'तिला सांगितलं ते ऐकलंस ना,' तो मनात म्हणाला. 'मी मोठा आव आणून बोललो. तिच्यापुढे बोललो. तिला बरी कर, आणि माझं तुला जे करायचं ते कर.' थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, 'पण लवकर कर.'

ओसरीवर पावलं वाजली. लेसिएली दाराशी आली, तोंड अंगणाकडे फिरवून बसली आणि जेवणाची थाळी मागच्या मागे वल्ह्याने आत ढकलू लागली. थाळी जमिनीवरून खरखरत आली आणि खाटेपासून हातभर अलीकडे थांबली.

"पोचली का?"

त्याने हात लांबवला. बोटं हवेत राहिली.

"पोचली, ताई."

"नारळाच्या दुधातलं आहे. गरम आहे तोवर खा."

"खातो."

ती उठली नाही. पानं चिरल्याचा आवाज सुरू झाला. फिलिमोने थाळीतून वर येणारी वाफ बघत पडला. वाफ संपली. मग मागच्या दाराने एक कोंबडी आत आली, तिने एका डोळ्याने त्याला निरखलं, दुसऱ्या डोळ्याने थाळीला, आणि तिने टोचा मारायला सुरुवात केली. त्याने हूश केलं. कोंबडीने ते मनावर घेतलं नाही. थाळी टकटक वाजू लागली.

बाहेरचा पानांचा आवाज थांबला.

"काय वाजतंय?"

त्याने पुन्हा हूश केलं.

"फिलिमोने, कोण जेवतंय?"

"कोंबडी," तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्याच्या तोंडून वेगळाच आवाज आला. तो त्याने उशीत दाबला.

पानांचा आवाज पुन्हा सुरू झाला नाही. ती उठून गेली असं त्याला वाटलं. गेली तर बरंच. समुद्र तसाच गर्जत होता. आज होड्या येणार नव्हत्या. एवढ्यात ओसरीची फळी करकरली.

"डोळे मीट," लेसिएली म्हणाली.

"ताई, नको."

"मीट म्हणते ना!"

"लोक काय म्हणतील तुला?"

"कुठले लोक? सगळे मयताला गेलेत."

त्याने डोळे मिटले. पावलं आत आली. उंबऱ्याशी थबकली, मग आली. कोंबडी पंख फडफडवत पळाली. खिडकीवर काहीतरी टांगलं गेलं आणि डोळ्यांवरचं ऊन नाहीसं झालं. बादलीत पाणी ओतल्याचा आवाज. एक हात त्याच्या खांद्याला लागला आणि चटका बसल्यासारखा मागे गेला. मग पुन्हा आला, आणि राहिला. चटया विणून विणून तो खरबरीत झाला होता.

तिने खांद्याला धरून ओढायला सुरुवात केली. तो हलेना.

"आधी गुडघा दुमड," तो मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. "उजवा. मग खांदा."

"हुकूम सोडतोय बघा."

"माकाचं पण चुकायचं."

"माकाचं नाव काढू नकोस." तिने गुडघा दुमडला. तिला धाप लागली होती. तो हळूहळू पालथा झाला आणि दुसऱ्या कुशीवर गेला, आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा श्वास पूर्ण आत गेला. तिने पाठ बघितली आणि फडका भिजवला. कोमट पाणी मानेवरून ओघळलं, तेवढं त्याला कळलं.

"सडली का?"

"लाल झालीय. सडली नाही अजून."

ती पुसत राहिली. मग, जणू स्वतःशीच, तिने सुरुवात केली. "कालपासून मागतेय मी. कोणाला तरी धाड, प्रभू, कोणाला तरी धाड. माका नाही तर दुसरा कोणी. तुझ्या दारात बसून मागतेय." तिने फडका पिळला. पाणी बराच वेळ बादलीत पडत राहिलं. "दारातच बसून."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "डोळे उघडू?"

"मी काय सांगू? तुझे डोळे आहेत."

त्याने उघडले. बहिणीला तो चर्चमध्ये बघायचा, रस्त्यात बघायचा, पण लांबून, आणि नजर खाली घालून. इतक्या जवळून तिचा चेहरा त्याने लहानपणी पाहिला होता. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ती त्याच्याकडे बघत नव्हती; चमच्याने तारोचा लगदा करत होती.

"फिपेचा काही निरोप?"

"नर्सकडे फोन आला होता. कापून काढलंय. पुढचं काय ते अजून सांगत नाहीत." तिने चमचा पुढे केला. "तोंड उघड. हे कोंबडीचं उष्टं नाही, दुसरं आणलंय."

तो खात असतानाच अंगणात बोलणं ऐकू आलं. उपासाची प्रार्थना म्हणायला बायका आल्या होत्या. त्या ओसरीवर चढल्या, चटया पसरल्या, आणि लेसिएलीची रोजची जागा रिकामी बघून घुटमळल्या. कोणीतरी तिला हाक मारली. एकदा शेजारच्या घराकडे तोंड करून, एकदा विहिरीकडे.

लेसिएलीचा चमचा हवेत थांबला.

"सुरू करा गं तुम्ही," ती जरा मोठ्याने म्हणाली. "मी आतून म्हणते."

समुद्राची एक लाट येऊन गेली, दुसरी येऊन गेली. मग एका म्हातारीचा चिरका आवाज स्तोत्राच्या पहिल्या ओळीला लागला, आणि एकेक करत बाकीच्या तिच्यामागे आल्या.